मदत हवी आहे: सहसंशोधकाचे श्रेय आणि बालगृहातील भावंडाची गोपनीयता
नमस्कार. ठाणे जिल्ह्यातील बालगृहांतून 18 वर्षे पूर्ण झाल्यावर बाहेर पडलेल्या तरुणांच्या अनुरक्षण सेवेचा (बालगृह सोडल्यानंतर मिळणाऱ्या आधाराचा) आम्ही अभ्यास करत असून, त्याच वाटेने आलेल्या चौघांना प्रश्नावलीपासून निष्कर्षापर्यंत सहसंशोधक म्हणून सोबत घेतले आहे. त्यांपैकी 23 वर्षांच्या एका सहकारी तरुणीला अहवालावर स्वतःचे नाव हवे आहे, आणि तो तिचा हक्कच आहे असे मला मनापासून वाटते. परंतु तिची धाकटी बहीण अजून बालगृहात आहे, आणि बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार बालकाची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करता येत नाही. टोपणनाव तिला मान्य नाही. संस्थेचे नाव गाळले, तरी आडनावावरून उलगडा होतो. दोन्ही राखणारी श्रेय देण्याची पद्धत कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का?