विमानांमागील भोवरे : उतरतानाचे अंतर वाऱ्यानुसार ठरवावे काय?

धागाकर्ता :
मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून निघालेले हवेचे दोन भोवरे मागे रेंगाळत मिनिटाला साधारण ३०० ते ५०० फूट खाली उतरतात आणि त्यांत सापडलेले मागचे विमान कलंडू शकते, म्हणून ‘हेवी’ गटातील, म्हणजे १३६ टन वा त्याहून अधिक वजनाच्या, विमानामागे येणाऱ्या ‘मध्यम’ गटातील विमानाला पाच सागरी मैल अंतर ठेवावे लागते. १४० नॉट (म्हणजे ताशी १४० सागरी मैल) वेगाने हे अंतर १२९ सेकंदांत कापले जाते. समोरून ३० नॉटचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग घटतो आणि त्यालाच १६४ सेकंद लागतात. जोराचा वारा भोवरे लवकर विस्कटत असताना आपण मात्र जास्त वेळ थांबतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळाने २०१५ पासून अशा वाऱ्यात मैलांऐवजी सेकंदांचे अंतर स्वीकारले. ही पद्धत सर्वत्र यावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ :
असहमत. आपण जोराच्या वाऱ्याबद्दल बोलता, पण खरा धोका मंद वाऱ्यात असतो. जमिनीजवळ पोहोचलेले भोवरे आणखी खाली जाऊ शकत नाहीत, त्यामुळे ते दोन-तीन नॉट वेगाने एकमेकांपासून दूर सरकतात. आणि नेमका तेवढाच आडवा वारा असेल, तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचा भोवरा धावपट्टीवरच खिळून राहतो. त्यात मागून हलका तिरपा वारा आला, तर तोच भोवरा पुढे, विमाने जिथे चाके टेकवतात तिथवर ढकलला जातो. ३० मे १९७२ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे डीसी-१० या मोठ्या विमानाच्या मागोमाग उतरणारे लहान डीसी-९ विमान भोवऱ्यात सापडून कलंडले आणि चौघांचा मृत्यू झाला, हे विसरून चालणार नाही.

धागाकर्ता :
मंद वाऱ्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, परंतु तो माझ्याच बाजूने जातो. पहाटेच्या स्थिर, खळबळ नसलेल्या हवेत भोवरा अधिक टिकत असेल, तर ठरीव पाच मैल तरी पुरेसे आहेत, हे कोणत्या आधारावर म्हणायचे? हवा पाहूनच अंतर कमी-अधिक करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद २ :
अंतर वाढवायला माझी हरकत नाही. कमी करताना मात्र नियंत्रण मनोऱ्याजवळच्या एका वातमापकावर विसंबून राहू नये, कारण दोनशे फूट उंचीवरचा वारा आणि धावपट्टीलगतचा वारा पुष्कळदा वेगळ्या दिशेचे असतात. उतरण्याच्या मार्गाखाली लायडर (लेसर किरणांनी हवेची हालचाल मोजणारे उपकरण) बसवून भोवरे प्रत्यक्ष मोजले जात असतील, तरच मी या प्रस्तावाला पाठिंबा देईन.