मुलीचे सर निम्मा वेळ खेळच खेळवतात. क्लास बदलू का?

पाऊसवेडी: मुलगी ११ वर्षांची. नाशिकला ॲथलेटिक्सला जाते, १०० मीटर आणि लांब उडी. सर रोज साखळी, लंगडी, विषामृत खेळवतात. ती जाम खूश. सासरे म्हणतात, हे गल्लीत फुकट होतं, फी कशाला? पलीकडच्या मैदानावरचे सर कडक आहेत, त्यांची मुलं पदकं आणतात. काय करू?

मैदानी_माणूस: बदलू नका. विषामृतात काय असतं? सुसाट पळायचं, जागीच थांबायचं, हुलकावणी देऊन पुन्हा सुटायचं. लंगडीत सगळा भार एका पायावर, आणि लांब उडीला फळीवरून उसळी मारायची तीही एकाच पायाने. या वयात नुसत्या १०० मीटरच्या फेऱ्या मारून घेतल्या तर पोरं कंटाळून मैदानच सोडतात. खो-खोच्या पोरांना शिकवताना हे नेहमी बघतो. फक्त सरांना विचारा, आजचा खेळ कशासाठी? चटकन उत्तर आलं तर माणूस जाणकार. "पोरं खूश राहतात" एवढंच म्हणाले, तर मात्र विचार करा.

फिरस्ता: +१. नॉर्वेत तर नियमच आहे: मूल ज्या वर्षी ११ चं होतं त्याआधी निकालाच्या क्रमवाऱ्या नाहीत, १३ च्या आधी राष्ट्रीय स्पर्धा नाही. तरी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकं.

कडू_कारलं: त्यांच्याकडे बर्फ आहे, पैसा आहे. इथे शालेय स्पर्धेत क्रमांक लागतोच.

फिरस्ता: त्यांच्याच धावपटू कार्स्टन वॉरहोमला बर्फ कुठे लागला? टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यत, ४५.९४ सेकंद, विश्वविक्रम. त्याची आणि त्याच्या वयस्कर कोचची थट्टामस्करी बघा कधीतरी. सराव मात्र घाम काढणारा.

कडू_कारलं: बरं. पण मजेलाही वेळकाळ असतो. २०१० साली नागपूर कसोटीच्या सकाळी वॉर्म-अपला फुटबॉल खेळताना रोहित शर्माचा घोटा मुरगळला. कसोटी पदार्पण थेट २०१३ मध्ये! स्पर्धेच्या दिवशी पकडापकडी नकोच.

मैदानी_माणूस: हे पटलं. पाऊसवेडी, दोन-तीन महिन्यांनी टेप लावून उडी मोजा. वाढत असेल तर सासऱ्यांना आकडा दाखवा.

नवी_आई: या सरांचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) कराल का? मुलगा नऊचा आहे, कडक सरांकडून नुकताच काढलाय.