मदत हवी आहे: १९६७ ची मस्टँग, ६ सिलिंडरचं इंजिन काढून ५.० लिटरचं व्ही८ (८ सिलिंडरचं) बसवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून अर्ध्या तासावर राहतो. गाडी १९६७ ची फोर्ड मस्टँग, दोन दारांची कूप. चासी नंबर ७एफ०१टी असा सुरू होतो. म्हणजे १९६७ साल, डिअरबॉर्नचा कारखाना, कूप बॉडी आणि शेवटचा टी म्हणजे २०० घनइंची, सरळ रांगेतलं ६ सिलिंडर इंजिन. त्या काळच्या कागदावर १२० हॉर्सपॉवर, तेही ग्रॉस पद्धतीने, म्हणजे नुसतं इंजिन, बाकी सामान न जोडता मोजलेले. चाकापर्यंत त्यातले किती पोचत असतील ते चालवताना कळतंच.

गाडी माझ्या शेजारच्या आजोबांची. ते डिअरबॉर्नच्या कारखान्यात कामाला होते आणि ही गाडी त्यांनी लग्नानंतर आजींसाठी नवी घेतली. व्ही८ घ्यायची फार इच्छा होती, पण तेव्हा पैसे कमी पडले. मी त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचो तेव्हा हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. मागच्या वर्षी ते गेले. आजींनी गाडी मला अगदी थोडक्या पैशांत दिली, अट एकच: झाकून ठेवायची नाही, चालवायची. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी मोठी फेरी निघते (१९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी), तिथे आजींना पुढच्या सीटवर बसवून न्यायचं, आणि बॉनेटखाली आजोबांना हवं होतं ते इंजिन असावं, असं माझ्या मनाने घेतलंय.

इंजिन मिळालंय. १९९१ च्या मस्टँग जीटीचं ५.० एचओ (हाय आउटपुट), सोबत टी५ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स. मूळ गाडी मागून ठोकलेली होती, इंजिन मी चालू अवस्थेत ऐकून मग घेतलं. २२५ हॉर्सपॉवर, आणि हे नेट पद्धतीने, सगळं सामान जोडून मोजलेले, म्हणजे कागदावर दिसतो त्यापेक्षा फरक बराच मोठा. रोलर कॅम आहे, म्हणून आजच्या तेलात झिंक कमी असलं तरी कॅम घासण्याची धास्ती नाही. फोर्डचं ३५१ घनइंची व्ही८ का नाही असं कोणी विचारील म्हणून सांगतो: त्याचा ब्लॉक ३०२ पेक्षा (म्हणजे या ५.० पेक्षा) सव्वा इंचाहून जास्त उंच, रुंदीलाही जास्त, आणि या गाडीत दोन्ही बाजूंना शॉक टॉवर (सस्पेन्शनचे पत्र्याचे खांब) आत घुसलेले. हात घालायला जागा राहत नाही. २०११ नंतरचं कोयोटी इंजिन तर ते टॉवर कापल्याशिवाय नीट बसतच नाही. आजोबांच्या गाडीला मी कटर लावणार नाही.

जुन्या इंजिनाची हालत अशी. गेल्या रविवारी सगळे प्लग काढून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब, पीएसआयमध्ये) घेतलं. पहिल्यापासून क्रमाने: १३०, १३५, १३०, ९०, ८५, १३०. चौथ्या-पाचव्यात चमचाभर तेल सोडून परत घेतलं, काटा तिथेच. चौथ्याचा प्लग ओला, काळा. पाचव्याच्या प्लगवर तसाच काळा थर, नखाने खरवडला तर खाली चिनीमाती स्वच्छ पांढरी. धूर फारसा नाही, पण चढावर गाडी मान टाकते. म्हणून मी धरून चाललोय की हे इंजिन संपलं.

बाबा मे महिन्यात सहा महिन्यांसाठी येतायत. कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये त्यांनी तीस वर्षं इंजिनं उघडली, बोअर मारले, क्रँक ग्राइंड करून दिल्या. आता वय ७१, गाडीखाली झोपून काम जमणार नाही, पण स्टुलावर बसून ते मला सांगतील. फोनवर सगळं सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "अरे, इंजिन दुप्पट ताकदीचं बसवशील, पण थांबवणार कशाने?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाकांना चारच नट आहेत, चारही ड्रम ब्रेक, आणि ड्रम लहान.

तर प्रश्न असे. ब्रेक, मागचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंग यातलं काय काय बदलावंच लागतं? ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) तसंच ठेवू की कार्ब्युरेटरवर जाऊ? आणि मे ते ऑगस्ट, शनिवार-रविवार मिळून, हे काम उरकेल का? यातलं कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

प्रतिसाद: जर्सीकर

तुमच्या बाबांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी १९६६ च्या सहा सिलिंडरवर हेच काम केलं, त्यावरून लिहितो.

६ सिलिंडरची मस्टँग आणि व्ही८ ची मस्टँग बाहेरून जुळ्या बहिणी, खालून वेगळ्या गाड्या. तुमच्या गाडीचे स्पिंडल बारीक, स्टिअरिंगचे टाय रॉड बारीक, पुढच्या स्प्रिंगा मऊ, आणि मागे सव्वासात इंची डिफरन्शियल. व्ही८ ला पाच नटांचे हब आणि ८ इंची डिफरन्शियल येत असे, मोठ्या इंजिनांना ९ इंची. तुमचं सव्वासात इंची ५.० च्या टॉर्कखाली टिकणार नाही. सिग्नल सुटल्यावर एकदा जोरात क्लच सोडला की आतले दात गोळा करत बसाल. शांतपणे चालवणार असाल तर ८ इंची पुरे. टी५ चा पहिला गिअर ३.३५ आणि पाचवा ०.६८ आहे, तेव्हा डिफरन्शियलचं गिअर गुणोत्तर ३.२५ ते ३.५५ च्या मध्ये घ्या, हायवेवर इंजिन निवांत फिरेल.

पुढे डिस्क ब्रेक बसवा. १९६७ पासून मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा आला, हे तुमचं नशीब. माझ्या ६६ ला एकच सर्किट होतं. एक नळी फुटली आणि पेडल पार जमिनीला टेकलं, गाडी मी दुसऱ्याच्या लॉनवर चढवून थांबवली. बायको शेजारी बसली होती. ते अजून आठवतं. डिस्क लावताना मास्टर सिलिंडरही डिस्कचाच घ्या, ड्रमचा तसाच ठेवू नका.

यातली गोम अशी: हे सगळं काम जुनं इंजिन जागेवर असतानाच करता येतं. फक्त पुढच्या स्प्रिंगा आत्ता बदलू नका, हलक्या इंजिनावर नाक वर राहील. अ‍ॅक्सल बदलला की युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस आणि शाफ्टची लांबी तपासून घ्या.

---

प्रतिसाद: मिरजेचा फिटर

साहेब, इंजिन संपलंय हे कोणी सांगितलं? तुमचेच आकडे परत वाचा. चार आणि पाच शेजारी-शेजारी, दोन्ही जवळपास सारखेच पडलेले, आणि तेल सोडूनही काटा हलला नाही. रिंगा गेल्या असत्या तर तेलाने काटा वर आला असता. हे दोन सिलिंडरच्या मधलं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) फुटलंय असं मला वाटतं. हेड काढलं की त्या दोन भोकांमधल्या पट्टीवर काळी जळकी रेघ दिसेल. हेड प्लेन करून घ्या, वॉल्व्ह घासून घ्या, गॅस्केट नवं टाका. दोन रविवारचं काम.

ताकद वाढवायला मात्र ते इंजिन कामाचं नाही, ते मान्य. इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, बदलायची सोयच नाही. पण सात मेन बेअरिंगची क्रँक आहे, दणकट वस्तू. भंगारात देऊ नका.

---

प्रतिसाद: सॅन होजेची मृणाल

मी आणि माझ्या दिराने मिळून ६८ मध्ये ५.० बसवलं. जिथे आम्ही अडकलो तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी बॅलन्स. २८९ (फोर्डचं जुनं लहान व्ही८) आणि जुन्या ३०२ च्या फ्लायव्हीलला २८ औंसाचं वजन असतं, ८० च्या दशकातल्या ५.० ला ५० औंसाचं. दिसायला सारखेच. आम्हाला एकाने "फोर्ड स्मॉल ब्लॉक आहे, चालतंय" म्हणून जुनं फ्लायव्हील दिलं. इंजिन सुरू झालं आणि दोन हजार आरपीएमला बॉनेटवर ठेवलेला पाना नाचत खाली पडला. पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागला. तुमच्या ९१ च्या इंजिनाचं स्वतःचं फ्लायव्हील आणि स्वतःचा पुढचा बॅलन्सर, दोन्ही तेच वापरा.

दुसरं, डिस्ट्रिब्युटर. रोलर कॅम पोलादी आहे, त्याला पोलादी गिअरचाच डिस्ट्रिब्युटर लागतो. २८९ चा जुना, बिडाच्या गिअरचा घातलात तर कॅम तो खाऊन टाकील आणि चुरा तेलात जाईल. फायरिंग ऑर्डरही (सिलिंडर पेटण्याचा क्रम) २८९ ची नाही. एचओ ची ऑर्डर १-३-७-२-६-५-४-८. जुन्या मॅन्युअलमधून वायरी लावल्या तर इंजिन नुसतं खोकत बसेल.

तिसरं, ऑइल पॅन. ९१ च्या पॅनला दोन खड्डे आहेत, तुमच्या गाडीत तो क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या दांडीवर) आपटतो. पुढे खड्डा असलेला जुन्या पद्धतीचा पॅन आणि त्याचा पिकअप घ्या. इंजिन माउंटही व्ही८ चे वेगळे येतात. आणि वॉटर पंप: ९१ च्या सर्पेंटाइन बेल्टवर तो उलटा फिरतो. जुने व्ही-बेल्ट लावणार असाल तर पंप बदला, नाहीतर पाणी ढवळलं जाईल पण फिरणार नाही.

ईएफआय ठेवा. ९१ ला मास एअर मीटर (आत येणारी हवा मोजणारा) आलेला आहे, पुढेमागे कॅम बदलला तरी तो सांभाळून घेतो. वायरिंगला मात्र एक पूर्ण महिना धरा. ऑगस्टपर्यंत सगळं होणार नाही, हे मनापासून सांगते. घाईत केलेलं वायरिंग रस्त्यात पेटतं.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेचे दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "आकडे मला आधी का नाही सांगितलेस?" काल हेड उतरवलं. चार आणि पाचच्या मधोमध गॅस्केटवर करंगळीएवढी जळकी रेघ, तुम्ही म्हणालात तशीच. सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडा नाही, वरच्या कडेला बोट फिरवलं तर पायरीही जवळजवळ लागत नाही. आजोबांनी तेल वेळेवर बदललं होतं.

तेव्हा बेत बदललाय. आत्ता हेड प्लेन करून सहा सिलिंडरच चालू करायचं. बाबा आले की पुढचे डिस्क, जाड टाय रॉड आणि ८ इंची डिफरन्शियल. ऑगस्टला आजी याच इंजिनावर वुडवर्डला येतील. आमच्या ऐतिहासिक नंबरप्लेटवर ऑगस्टभर गाडी कुठेही नेता येते, त्यामुळे नंतर महिनाअखेरपर्यंत चालवून ब्रेक नीट बसलेत का तेही कळेल. ५.० हिवाळ्यात. जुनं इंजिन तेल भरून, प्लगसकट, स्टँडवर जपून ठेवणार.

आजींना काल सांगायला गेलो. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या की त्यांना या इंजिनाचाच आवाज ओळखीचा आहे, तो एकदा परत ऐकायचाय.

मृणालताई, एकच राहिलं. माझ्या गाडीला तीन गिअरचा मॅन्युअल आहे, क्लच जुन्या रॉड आणि लिव्हरवर चालतो. टी५ च्या बेल हाऊसिंगला केबल लागते. तुम्ही पेडलकडून केबल फायरवॉलमध्ये कुठून काढली? फोटो असेल तर टाका. आणि ओहायो किंवा इंडियानात कोणाकडे गंज न लागलेलं ८ इंची हाऊसिंग पडून असेल तर मला व्यनि करा, शनिवारी ट्रक घेऊन येतो.