शाळेत फिट आली तर नाकात स्प्रे कोणी मारायचा?

दुसरीतल्या लेकीची आई
लेकीला अपस्मार आहे. औषधं चालू आहेत, तरी दोन-अडीच महिन्यांनी एखादी आकडी येतेच. दोनदा ती लांबली होती, म्हणून डॉक्टरांनी आकडी थांबवणाऱ्या मिडाझोलम या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. शाळेत ठेवायला नेला, तर मुख्याध्यापकांनी परत केला. म्हणाले, "फिट आली की फोन करू." मला शाळेत पोचायला वीस मिनिटं लागतात.
बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटली की तशी थांबायची शक्यता घटते, आणि उशीर होईल तसं औषधही कमी लागू पडतं. पूर्वी डॉक्टर ३० मिनिटांनंतर धोक्याची आकडी म्हणायचे. २०१५च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, सर्वांग झटकणारी आकडी ५ मिनिटांवर गेली की उपचार सुरू व्हायला हवेत, कारण ३० मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. मग माझी वाट कशाला बघायची? शाळेत एका तरी बाईंना स्प्रे मारता आलाच पाहिजे.

प्राथमिक शिक्षिका
ताई, तुमची काळजी कळते, तरी मला हे पटत नाही. वर्गात ४५ मुलं असतात. एक पोर खाली पडलं की बाकीची रडायला लागतात. त्या गडबडीत बाटली किती वेळा दाबायची हे मी ठरवू? त्या औषधाने श्वास मंदावू शकतो ना? तसं झालं तर मी काय करणार? कुशीवर वळवीन, डोक्याखाली ओढणी ठेवीन, तोंडात काही घालू देणार नाही, कांदा-चप्पल हुंगवू देणार नाही, १०८ला फोन करीन. औषध मात्र नर्सचं काम.

नऊ वर्षांच्या मुलाचा बाबा
स्प्रेच्याही आधी, फिट संपली की नाही हे ओळखायचं कोणी? आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात हात-पाय झटकायचे थांबले आणि आजी म्हणाली, "सुटली आकडी, झोपू दे लेकराला." आम्ही पांघरूण घातलं. बऱ्याच वेळाने बायको लाळ पुसायला वाकली, तेव्हा तिला दिसलं की पापण्या अर्धवट उघड्या, दोन्ही बुबुळं डावीकडे खेचलेली, आणि पांघरुणाखाली डाव्या हाताचा अंगठा टकटक उडतोय. हाक मारली, चिमटा काढला, काहीच नाही. फिट चालूच होती. आम्ही मात्र ती झोप समजत होतो.
फिटनंतरच्या खऱ्या झोपेत अंग सैल असतं, बुबुळं एका बाजूला ओढलेली नसतात, आणि हळूहळू का होईना, पोर हाकेला कण्हतं. शंका आली तर चालूच आहे असं धरा. शुद्धीवर न येता दुसरी फिट आली, तर वेळ पहिलीपासून मोजा. जवळ दोघं असाल तर एकाने मोबाइलवर चित्रण करा, त्यात वेळही कळते.

प्राथमिक शिक्षिका
हे वाचून तर मी आणखी घाबरले. घरच्यांना कळलं नाही ते मला कळेल?

बालरोग विभागातली नर्स
बाई, तुमची भीती खरी आहे. श्वास मंदावू शकतो, म्हणून स्प्रे मारल्यावर पोराजवळून हलायचं नाही, १०८ तेव्हाच बोलवायची. पण न थांबलेली आकडीही श्वास बिघडवते, हे आम्ही वॉर्डात बघतो.
आईंनाही सांगते, नुसती बाटली देऊन भागत नाही. एकदा दाबलं की ०.५ मिलिग्रॅम औषध देणारी आणि १.२५ मिलिग्रॅम देणारी, अशा दोन ताकदीच्या बाटल्या मिळतात, दिसायला सारख्याच. डोस वजनावर असतो. गेल्या वर्षी १८ किलोचं पोर आज २३ किलोचं असेल, तर जुनी चिठ्ठी चुकीची. डॉक्टरांकडून लिहून आणा: कोणती बाटली, कोणत्या नाकपुडीत किती वेळा, कितव्या मिनिटाला. आणि नवीन बाटली आधी हवेत दाबून चालू करावी लागते.

दुसरीतल्या लेकीची आई
आमच्या चिठ्ठीवरचं वजन जूनचं आहे. उद्याच नवी लिहून आणते. शाळेतही एकदा येऊन बाईंसमोर दाखवते.

प्राथमिक शिक्षिका
या. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तुमची संमती आणि मुख्याध्यापकांचं लेखी पत्र असेल तर शिकून घेईन. नुसत्या तोंडी सांगण्यावर मी हात लावणार नाही, हे मात्र आजही म्हणते.