सात वाजताचा भोंगा ऑफिसातही वाजवावा का?

कारकून_कट्टा
सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद राहतात. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली. पुढे शाळा वर्गात परतली, मोबाईल मात्र पोरांच्या हातातच राहिला. त्यावर गावाने काढलेला हा तोडगा.

माझं म्हणणं, हे ऑफिसांतही करा. अकरा ते एक ग्रुप बंद, मेल बंद, ज्याने त्याने समोरची फाईल संपवायची. 'नोटिफिकेशन बंद ठेवा, फोन उलटा ठेवा' हे ऐकून कान किटलेत. मी बंद ठेवतो, तर साहेब शेजारच्याला मेसेज टाकतात, 'त्याला जरा ग्रुप बघायला सांग.' एकट्याने फोन बाजूला ठेवला की लोक त्याला आगाऊ म्हणतात. सगळ्यांनी ठेवला तर प्रश्नच मिटला.

पंचवीस_मिनिटं
साफ असहमत. भोंगा शाळकरी पोरांना ठीक आहे. पगार घेणाऱ्या माणसाला कुणीतरी भोंगा वाजवून कामाला बसवायचं, म्हणजे कमाल झाली. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यातून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत निघाली. मी कोड लिहितो, तशीच लिहितो. साहेबांची परवानगी लागली नाही.

आणि खरं बोलायचं तर दिवसातला किती वेळ ग्रुप खातो आणि किती रील्स? रील बघायला साहेबांनी नव्हतं सांगितलं.

कारकून_कट्टा
रील्सचा टोमणा मान्य. पण ग्रुप बघायला म्हणूनच फोन हातात घेतला जातो आणि तिथून पुढे घसरण सुरू होते. दार साहेबांनीच उघडलेलं असतं.

दोन_शिक्षकी_शाळा
पंचवीस मिनिटांवाल्या दादांना एकदा आमच्या शाळेवर बोलवायला हवं. दोन शिक्षक, चार वर्ग. मी पहिली-दुसरीला हातच्याची बेरीज शिकवतेय. फळ्यावर दशकाच्या डोक्यावर एक लिहिला, तेवढ्यात फोन थरथरतो: 'सर्व मुख्याध्यापक, सोबतच्या तक्त्यात माहिती आजच दुपारी ३ पर्यंत, अत्यंत तातडीचे.' तीच माहिती मागच्या महिन्यात दिलेली असते. न बघावं तर संध्याकाळी 'माहिती अप्राप्त शाळा' अशी यादी त्याच ग्रुपवर, आमच्या शाळेच्या नावासकट. माहिती भरून वळेपर्यंत पोरं हातचा विसरलेली असतात, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून.

इथे माझी शिस्त काय करणार? शिस्त पाठवणाऱ्याला लावा.

नळवाला
तुम्ही सगळे पगारवाले. मी प्लंबर. फोन उचलला नाही की गिऱ्हाईक पुढच्या नंबरला लावतं, परत आपल्याला लावत नाही. दोन तास फोन बंद म्हणजे उद्याचं काम गेलं.

बाकी लक्षाचं म्हणाल तर पाईपला सोल्यूशन लावलं की लगेच जोडात घालून दाबून धरावा लागतो, नाहीतर ते वाळतं आणि सांधा गळतो. तेवढ्यात फोन वाजला तर वाजू देतो. सोडला की आधी फोन बघतो. आमचा भोंगा कामातच आहे, वेगळा नको.

पेठेतला_परीक्षार्थी
सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. आमच्याकडे फोन बाहेरच्या कप्प्यात, आत आणायचा नाही. सगळ्यांना एकच नियम आहे म्हणून चालतो, तेव्हा भोंग्याला माझं मत. पण खरा घोळ चहाला उठल्यावर होतो. नोट्स टेलिग्रामवर, चालू घडामोडी टेलिग्रामवर, 'भरतीची जाहिरात कधी' ही चर्चाही तिथेच. त्यातलं अभ्यासाचं किती आणि बाकीचं किती, कोण वेगळं करणार?

साधा बटणांचा फोन घ्या म्हणणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठीही यूपीआय सुरू केलं, हे खरं. पण मेसमध्ये जेवणाच्या वेळी त्यावरून पैसे देऊन बघा. मागची रांग काय बोलते ते कळेल.

आकडेवारी_प्रिय
२०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी लोकांना चाचण्या दिल्या: काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या खोलीतवाल्यांची कामगिरी टेबलवाल्यांपेक्षा चांगली निघाली. म्हणजे अभ्यासिकेचा कप्पा बरोबर आहे.

पंचवीस_मिनिटं
हा प्रयोग पुढे इतरांनी केला तेव्हा दर वेळी तसाच निकाल आला नाही, तेही सांगा की. तेवढ्यावर सगळ्या ऑफिसाला वेठीला कशाला धरायचं?

रात्रपाळी
कायद्याचं कुणी बोललंच नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खाजगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर खासदाराने स्वतः आणलेलं, मांडलं होतं. फार आशा धरू नका, खाजगी विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो १९७० मध्ये. शिवाय तो हक्क काम सुटल्यानंतरचा. कामाच्या वेळेत काम करू देण्याचा कायदा कुठेच ऐकला नाही.

नळवाला
आणि कायदा झाला तरी आमचं गिऱ्हाईक कायदा वाचून फोन लावणार नाही.

कारकून_कट्टा
नळवाल्यांना सूट, हे लिहायला हवं होतं. ज्याचं पोट फोनवर त्याला भोंगा लावणं अन्याय आहे. पण बाई, तुमच्या ग्रुपवर 'वर्ग संपल्यावर उत्तर देईन, फारच तातडीचं असेल तर फोन करा' असं सगळ्या शाळांनी मिळून लिहिलं तर?

दोन_शिक्षकी_शाळा
वडगावात भोंग्याआधी आशाताई, अंगणवाडीताई घरोघर समजावत फिरल्या होत्या. आमच्याकडे घरोघर फिरणार कोण? ग्रुपवर हे आधी कोण लिहिणार, यावर गेल्या बैठकीनंतर आम्ही बोललो. सगळ्यांनी होकाराचा आंगठा दाखवला, लिहिलं कुणी नाही. सोमवारी मी लिहितेय. ग्रुपमधून काढलं तर इथे कळवेन.

पंचवीस_मिनिटं
काढलं तर पेढे वाटा!