टाकलेलं, सोडलेलं, वाहिलेलं : रोमन कायद्यातल्या मुलाबायकांसाठी मराठी शब्द

प्रश्न : रोमन काळात नको असलेलं तान्हं मूल घराबाहेर नेऊन ठेवत. लॅटिनमध्ये याला ‘एक्स्पोझितिओ’ म्हणतात. ख्रिस्ती धर्म आल्यावर ही प्रथा कशी बदलली यावर लिहिताना कोणी ‘शिशुहत्या’ लिहितं, कोणी ‘अर्भकत्याग’. बरोबर काय?

प्रतिसाद : ‘शिशुहत्या’ नकोच. मूळ क्रियापदाचा अर्थ ‘बाहेर ठेवणे’. अशी पुष्कळ मुलं कोणीतरी उचलून नेई आणि गुलाम म्हणून वाढवी. कायद्यानेही दोन्ही गोष्टी वेगळ्या धरल्या. बापाने जाणूनबुजून टाकलेलं मूल त्याला परत मागता येणार नाही, उचलणाऱ्याने ते अपत्य म्हणून ठेवावं किंवा गुलाम म्हणून, असं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३३१ मध्ये ठरवलं. तान्ह्याला मारणं ३७४ मध्ये देहदंडाचा गुन्हा झालं. टाकलेलं मूल स्वतंत्रच, हे मात्र सम्राट जस्टिनियनच्या ५२९ च्या कायद्याने आलं. सरसकट ‘हत्या’ लिहिलं की मधली दोनशे वर्षांची गुलामी झाकली जाते.

प्रतिसाद : ‘त्याग’ तर त्याहून वाईट, त्या शब्दाला पुण्याचा वास आहे. साधं ‘टाकणे’ वापरा. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेल्या इ.स.पू. १ मधल्या पत्रात हिलारिओन बायकोला लिहितो, मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. तिथला ग्रीक शब्द ‘एक्बाले’, शब्दशः ‘बाहेर टाक’.

प्रतिसाद : मराठीत ‘नवऱ्याने टाकलेली’ही म्हणतात, पण ‘रेपुदियुम’साठी, म्हणजे रोमन कायद्यातल्या एकतर्फी काडीमोडासाठी, ते अपुरं पडतं, कारण तो बायकोही देऊ शके. ३३१ च्याच दुसऱ्या कायद्याने त्याला आवर घातला. नवरा खुनी, विष घालणारा किंवा थडगी फोडणारा असेल तरच तिला सुटका. दारुडा, जुगारी, बाहेरख्याली एवढं पुरेसं नाही. तरीही गेली तर केसांत खोचलेल्या आकड्यापर्यंत सगळं नवऱ्याच्या घरी ठेवायचं आणि बेटावर हद्दपारी. याला ‘स्त्रियांचं संरक्षण’ म्हणणं मला पटत नाही. शिवाय हा कायदा ख्रिस्ती शिकवणीतूनच आला का, यावर अभ्यासकांत वाद आहे.

प्रतिसाद : मठाला दिलेल्या मुलाला मात्र ‘टाकलेलं’ म्हणू नका. तो ‘ओब्लातुस’, म्हणजे वाहिलेला. ख्रिस्ती संन्यासी बेनेडिक्टने लिहिलेल्या मठनियमांतलं ५९ वं प्रकरण पाहा : आईबापांनी लेखी विनंती करायची, मग ती आणि मुलाचा हात वेदीच्या वस्त्रात गुंडाळून त्याला अर्पण करायचं. ‘दत्तक’ किंवा ‘दाखल’ लिहिलं तर तो हातच हरवतो. आणि वाहिलेलं परत घेत नाहीत, हा आपल्या शब्दातला अर्थही इथे नेमका बसतो. स्पेनमधल्या टोलेडोच्या ६३३ च्या धर्मपरिषदेने तेच ठरवलं, बापाने वाहिलेला मुलगा मोठेपणीही मठ सोडू शकत नाही.