टँकरची चासी, नवी बॉडी: हिला नाशिकची जुनी सिटी बस म्हणायचं का?

द्वारका_सर्कल

नाशिकची शहर बससेवा जुलै २०२१ पर्यंत एसटी चालवायची, मग ती महापालिकेच्या सिटीलिंककडे गेली. सिंहस्थ जवळ आलाय, तेव्हा एखादी जुनी सिटी बस शहरात जतन करून ठेवावी ही कल्पना मला मान्य आहे. पण त्यासाठी जो सोपा रस्ता सुचवला जातो त्याला माझा सरळ विरोध. तो रस्ता असा: पाण्याचा टँकर झालेली १९६०-७० च्या काळातली टाटाची चासी (इंजिन-चाकांसकट गाडीचा खालचा भाग) आणायची, वर चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्ड करायचा, पत्रा मारायचा, लाल रंग द्यायचा आणि दर्शनी भागावर जुनं साल रंगवायचं.

चासी खरी आहे का हे तपासता येतं. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा. जाळीवर मर्सिडीजचा तारा असेल तर गाडी त्या काळातली, अर्थात जाळी नंतर बसवलेली नसेल तर. इंजिनावर ६९२ असेल तर सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ६९७ असेल तर ९७. त्याआधीच्या ओएम ३१२ इंजिनाला ९० चा बोअर आणि ४.६ लिटर. म्हणजे '१९६२ ची बस' म्हणून ६९७ दाखवलं की निदान इंजिन मूळ नाही हे तिथेच पकडलं जातं.

पण चासी खरी निघाली तरी माझा आक्षेप कायम आहे. त्या काळात बस आणि ट्रक जवळजवळ एकाच चासीवर उभे राहायचे. प्रवासी ज्यात चढला, जिथे उभा राहिला, कंडक्टरने दोरी ओढून डबल दिली ती सगळी बॉडी. तीच नवी असेल तर उरला तो ट्रक. त्यापेक्षा एखाद्या मळ्यात अडगळीची खोली झालेली, इंजिन नसलेली, निम्मी कुजलेली बॉडी सापडली तर ती आहे तशी वाचवा.

सातपूरचा_फिटर

साहेब, बस म्हणजे बॉडी असं धरलं तर जगातल्या निम्म्या जतन केलेल्या बस बाद होतील. लंडनच्या आरटी जातीच्या डबलडेकर ओव्हरहॉलला ऑल्डनहॅमच्या वर्कशॉपमध्ये जायच्या. तिथे बॉडी उचलून बाजूला, चासी दुसऱ्या रांगेत, आणि बाहेर पडताना एका नंबरच्या गाडीवर दुसरीचीच बॉडी. लंडनच्याच रूटमास्टर डबलडेकरचं तर इंजिनच बदललं. मूळ एईसीचं ९.६ लिटरचं, १९९० च्या दशकात कितीतरी गाड्यांना कमिन्स, इव्हेको नाहीतर स्कॅनिया बसलं. ९ डिसेंबर २००५ ला १५९ नंबरच्या मार्गावरून त्या नियमित सेवेतून गेल्या, तोवर कारखान्यातून निघाल्या तशा किती राहिल्या असतील? तरी त्यांना खोट्या कुणी म्हणत नाही.

आपल्याकडेही तेच. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळा बॉडी बांधायलाच आहेत. अलीकडे ॲल्युमिनियमच्या जुन्या बॉड्या उतरवून त्याच चासीवर माइल्ड स्टीलच्या चढवल्या गेल्या. बॉडी हा झिजून बदलायचा भाग, हाच इथला रिवाज.

म्हणून माझं मत उलट आहे: आधी इंजिन सुरू करा, बॉडीचं नंतर बघू. बंद पडलेल्या इंजिनला थेट सेल्फ मारणं हा पहिला गुन्हा. आधी सगळे नोझल (डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये २५-३० मिली पातळ ऑइल सोडा, दोन दिवस राहू द्या, मग फ्लायव्हीलला टॉमी (लोखंडी दांडा) लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाही, हेड उतरवायचं. नाहीतर चिकटलेली रिंग तुटते आणि लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, ओरखडा पडतो.

दुसरं, इनलाइन डिझेल पंपाची रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत डिझेलचा चिकट थर साचून ती फुल डिझेलच्या बाजूला अडकलेली असू शकते. मग इंजिन सुरू होतं आणि थांबत नाही. स्टॉपची तार ओढून रॅक मोकळी सरकते का हे पंपाची बाजूची झाकणी काढून डोळ्याने बघा, आणि पहिल्या वेळी एअर क्लीनर काढून हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी प्लायचा तुकडा घेऊन एक माणूस उभा ठेवा. कापड नको, आत ओढलं जातं.

डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायचा क्रम फिल्टर, पंप, मग नोझलचे नट. सुरू करण्याआधी स्टॉप ओढून ठेवूनच ऑइलचा काटा हलेपर्यंत इंजिन फिरवा. आणि ३१२ असेल तर हीटर प्लग बघा. जुने दोन टोकांचे प्लग एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की सगळे थंड, मग लोक उगाच पंपाला दोष देतात. ३१२ प्रीचेंबरचं (डिझेल आधी छोट्या खोलीत फवारलं जातं), नोझल साधारण ११५ बारला उघडतो. ६९७ च्या थेट इंजेक्शनला २०० च्या आसपास लागतात. दोन्हींना एकच सेटिंग करून देणारे महाभाग आहेत. सातपूरला मायकोचा (आता बॉशचा) नोझलचा कारखाना असलेल्या गावात तरी हे होऊ नये.

द्वारका_सर्कल

ऑल्डनहॅमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे एका आरटीची बॉडी दुसऱ्या आरटीवर गेली. दोन्ही त्याच पिढीच्या, त्याच नकाशावर बांधलेल्या. आज हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला चौकोनी पाइप १९६२ च्या बसमध्ये कधीच नव्हता. अदलाबदल आणि बनावट यांत फरक करा. रूटमास्टरची इंजिनं तर ती गाडी रस्त्यावर कमावत असताना बदलली, तो तिचा इतिहासच झाला. आपण टँकरवर बॉडी चढवू तेव्हा टँकरचा इतिहास पुसू.

पत्रा_रिवेट

दोघेही बॉडी बांधून झाल्यासारखं बोलताय. नवी बांधा की जुनी वाचवा, काम कसं करणार ते ठरल्याशिवाय या वादाला अर्थ नाही.

एसटीची सुरुवात १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर झाली ती बेडफर्डवर, लाकडी बॉडी आणि काथ्याच्या गाद्या घेऊन. पुढच्या काळात लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आला. अशी बॉडी सापडली तर कूज दिसते तिथे नसते. खिडकीखालचा आडवा दांडा, चाकाच्या कमानीचा वरचा भाग आणि पायरीचा कोपरा, ही तीन ठिकाणं पोपडा न काढता टोचणीने तपासा. टोचणी ५ मिलिमीटर सहज गेली तर ते लाकूड गेलं. बरं असेल त्याला टाकणखार ३ भाग आणि बोरिक ॲसिड २ भाग यांचं कोमट पाण्यातलं १० टक्के द्रावण दोन-तीन हात लावा. वाळवी आणि भुंगा दोन्हींवर चालतं, पण पावसाने धुऊन जातं, म्हणून वर रंग हवाच.

पत्रा लोखंडावर थेट टेकला की ओलीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसते ती हीच. मधे प्रायमर आणि पातळ पट्टी द्या. आणि कृपा करून पॉप रिवेट नको! तो पोकळ असतो, आत राहिलेला लोखंडी खिळा गंजतो आणि दोन पावसाळ्यांत रिवेटखालून लाल ओघळ सुरू. भरीव ॲल्युमिनियम रिवेट घ्या. ४.८ मिलिमीटरचा असेल तर पत्र्याबाहेर साधारण दीडपट, म्हणजे ७ मिलिमीटर दांडा उरला पाहिजे. कमी उरला तर डोकं बसत नाही, जास्त उरला तर वाकतो. भोक पत्र्याच्या कडेपासून निदान रिवेटच्या व्यासाच्या दुप्पट आत. एक माणूस हातोड्यावर, एक आतून डॉली (आधाराचा लोखंडी ठोकळा) धरून. वेळखाऊ आहे, पण जुन्या बसच्या कुशीवरच्या त्या रिवेटच्या रांगा वेल्डिंगने येत नाहीत. माझ्या लेखी जुनी आणि नकली हा फरक तिथेच दिसतो.

जुना रंग कोरडा घासू नका. त्यातल्या लाल-पिवळ्यात शिसं असतं. ओला घासा, राड गोळा करा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतो, ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. बाकी रंग कुठला यावर भांडू नका, एसटीच्या पहिल्या बेडफर्ड निळ्या आणि वरून चंदेरी होत्या. लाल म्हणजेच जुनं असं काही नाही.

निमाणी_फलाट

इंजिन सुरू करून करणार काय? रस्त्यावर आणताच येणार नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले: ५० वर्षांपुढची गाडी, 'व्हीए' अक्षरांचा नंबर, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण तो नियम दुचाकींना आणि एम-१ वर्गाच्या खासगी गाड्यांना. एम-१ म्हणजे चालक सोडून आठ आसनांपर्यंत. बस त्यात बसतच नाही. वरून १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, परिवहन महामंडळांच्यासुद्धा, १५ वर्षांपुढच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या भंगारात जातात. मग आजच्या ताफ्यातली एखादी गाडी पुढे 'जुनी' होईपर्यंत टिकणारच नाही. आत्ता जतन करायची असेल तर नोंदणी सोडून देऊन उभी ठेवायची वस्तू म्हणूनच करावी लागेल. म्हणजे द्वारकावाल्यांचं म्हणणं बरोबर, फक्त त्यांनी दिलेलं कारण चुकलं.

सातपूरचा_फिटर

रस्ता म्हणजे सगळं नाही, भाऊ. आवारातही फिरवता येईल, त्याला नोंदणी लागते का ते विचारून घेऊ. आणि उभी ठेवली की ती टिकते हाच मोठा गैरसमज. सहा महिन्यांत व्हील सिलिंडर अडकतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, पाण्याच्या पंपाचं सील सुकतं. वेळच्या वेळी हलणारी गाडी मरत नाही.

निमाणी_फलाट

वेळच्या वेळी म्हणजे महिन्याला पाच मिनिटं घरघर? त्याने तर ती लवकर मरते. थंड इंजिनात अर्धवट जळलेलं डिझेल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. चालवायचंच तर भार देऊन, पाणी ७५-८० अंशांना येईपर्यंत आणि त्यानंतर अर्धा तास. ते आवारात कसं करणार? गोल गोल फिरवणार? त्यापेक्षा नीट बंद करा. नवं ऑइल भरून शेवटचं चालवायचं, पाणी काढून टाकायचं किंवा गंजरोधक कूलंट ठेवायचं, बोअरचं जड पाणी अजिबात नको. नोझलच्या भोकातून ऑइल फवारायचं, हवेची आणि धुराड्याची तोंडं बंद करायची, क्लच पेडल लाकडाने दाबून ठेवायचं म्हणजे प्लेट चिकटत नाही. एक्सल स्टँडवर. ब्रेक मोकळे, चाकांना गुटके.

पत्रा_रिवेट

क्लचचं बरोबर. पण स्टँडवर घेताना चासीखाली टेकू देऊ नका, एक्सलखाली द्या. पाटे (स्प्रिंगा) वर्षानुवर्षं लोंबकळत राहिले की बॉडीच्या जोडांवर ओढ येते आणि खिडक्या तिरक्या होतात. आणि टायर दिखाऊ म्हणून जुनेच ठेवणार असाल तर त्यात हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवा. ९.००-२० च्या त्या चाकांची रिम तुकड्यांची असते, बाहेरून लॉक रिंग. रिंगची खाच गंजलेली असेल तर ती हवा भरताना तोफेसारखी सुटते. समोर उभं राहायचं नाही, रिंग हातोडीने ठोकून बसवायची नाही, आधी सगळी हवा सोडायची.

सातपूरचा_फिटर

बंद करून ठेवायची पद्धत मान्य, महिन्याची घरघर मलाही नको होती. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, भार देऊन तासभर, असं म्हणतोय मी. भार देण्यासाठी फिरवायलाच हवी असं नाही, औद्योगिक वसाहतीत डायनॅमोमीटर (इंजिनाला जागेवरच भार देणारं यंत्र) असलेली इंजिन दुरुस्तीची ठिकाणं असतात. इंजिन उतरवून तिथे नेणं महाग पडेल, वर्षातून दोनदा नाही जमलं तरी दर पाच वर्षांनी एकदा परवडतं. मधल्या काळात दर महिन्याला स्टॉप ओढून ठेवून, डिझेल न देता, टॉमीने दोन फेरे. एवढंही करणार नसाल तर मग इंजिन दाखवायला कापून ठेवा, निदान मुलांना क्रँक तरी दिसेल.

द्वारका_सर्कल

कापायचं? मूळ इंजिन? ओएम ३१२ कापायचा विचार तरी कसा करता! कापायचं असेल तर भंगारातलं ६९७ घ्या, ते अजून मिळतं.

असो. माझी अट कमी करतो. नवी बॉडी बांधायचीच ठरली तर पत्रा_रिवेट म्हणतात तशी बांधा, आणि प्रत्येक नव्या खांबावर आतल्या बाजूने बनवल्याचं वर्ष पंचने ठोका. चासीचा टँकरचा काळही पाटीवर लिहा. मुद्दाम डाग पाडून खोटा जुनेपणा आणायचा नाही.

सातपूरचा_फिटर

वर्ष ठोका, हरकत नाही. पण मग इंजिनातल्या प्रत्येक नव्या रिंगवरही ठोकायला सांगाल. सुट्या भागांना हा नियम नको. लायनर, रिंग, बेअरिंग, नोझल आणि रबर हे एसटीच्या डेपोतही बदलतच होते, ते मूळ कधीच नव्हते.

द्वारका_सर्कल

रिंगांना नको. खांब, दांडे, पत्रा आणि आसनांचे पाइप एवढ्यांवरच. यावर मी हटणार नाही.